भिजत घातलेली माती

नव्वदच्या दशकात मी पेणहून रोज एसटीने रोह्याला जायची; तिथल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. वडिलांचा गणपतीचा कारखाना. संध्याकाळी ते शाडूने बरबटलेल्या हातांनी ओटीवर टेकायचे आणि विचारायचे, "काय गो बाय, आज पोरांच्या डोक्यात काय भरलंस?"

एकदा सांगितलं, पेशी आपलेच मोडके भाग विरघळवते आणि त्यातून नवं घडवते. उपाशी पडली तर जास्तच. ते खो खो हसले. "म्हणजे आमच्यासारखीच की!" डोळे आखायच्या आधी मूर्ती म्हणजे नुसती माती. सोंड तुटली, हात तडकला, की ती पिंपात भिजत पडायची आणि पुन्हा मळली जायची.

पुढे त्यांच्या पोटात गाठ निघाली. कॅन्सर. डॉक्टरांनी हात टेकले. त्यात गडब गावच्या एका नातेवाइकाने सांगितलं, अन्न तोडा, गाठ उपाशी मरेल. वडिलांना ते पटलं. ते पेजेचा वाडगा बाजूला सारू लागले. माणूस डोळ्यांदेखत वाळत होता आणि घरातले गाठ वाळायची वाट बघत होते. माझं डोकं फिरलं.

"बाबा, नवी माती आली नाही तर कारखाना बंद पडतो?"

"नाय. मोडकं भिजवायचं, त्यावर चालवायचं."

"गाठसुद्धा पेशींचीच आहे. तीपण तेच करेल. आधी तुम्ही संपाल."

हे तेव्हा माझ्या पुस्तकात नव्हतं. रागात केलेला तर्क होता. खूप नंतर वाचलं, पेशीची ही साफसफाई सुरुवातीला कॅन्सरला लांब ठेवते, पण गाठ एकदा रुजली की तिच्याच जिवावर उपासमार काढते. आपलं बरोबर होतं याचं मला काडीचंही समाधान वाटलं नाही.

यंदाचा गणपती बाबांना दिसणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"आनि मी जेवलो, तर तीपण जेवणार?"

नाही म्हणावंसं फार वाटलं. पण रोज संध्याकाळी त्यांनी विचारावं आणि मी खरं सांगावं, अशी आमची सवय.

"व्हय, बाबा."

"मग आण ती पेज. मी नि गाठ, दोघं जेवू."

त्यांनी तोंड उघडलं. वाडगा संपेपर्यंत मी रडत रडत भरवत राहिले.