पट्टीने उलटलेली वही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे ते क्रमाने सांगेन — क्रम पाळला की पळवाटा कमी होतात.

साठच्या दशकाची अखेर. पार्ल्याच्या एका शाळेत मी सातवीला मराठी शिकवत असे. निबंधात कच्च्या असलेल्या मुलांना शनिवारी शाळा सुटल्यावर थांबवून घेई. माझी रीत सोपी होती: आधी पाहा, मग तोंडाने सांगा, मग सांगितले तेच लिहा. पाठ केलेले वाक्य दिसले की मी खोडत असे. मुले सुधारत. माझे नाव होत होते — आणि ते मला आवडत होते.

त्या मुलांत हिरा होती. खारदांड्याची, कोळ्यांची मुलगी. दोन ओळींपुढे तिचे पेन हलत नसे. ती वर्गात आली की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणे, "काय गं हिरा, आज बोंबील की मांदेली?" वर्ग हसे. मी त्यांना गप्प करत असे का? नाही. मी हसू दाबत असे — मुलांना दिसेल अशा बेताने.

तरीही तिने एकही शनिवार चुकवला नाही. या वर्षी नापास झाली तर शाळा बंद, असे आईने बजावले होते. परीक्षेआधी तिने विचारले, "सर, दिसतं तेच लिवायचं ना? दुसरं काय नाय?"

"तेच," मी म्हणालो.

निबंधाचा विषय होता 'माझी शाळा'. हिराने दीड पान लिहिले. गळका नळ, घंटा वाजवणारे शिपाईकाका — आणि मग हे: 'सर सगळ्यांच्या वह्या हाताने उघडतात. माझी वही पट्टीने उलटतात. मी सकाळी लिंबू लावून हात धुते. तरी पट्टीने उलटतात. सर चांगले शिकवतात.'

यात खोटे काय होते? एक शब्दही नाही. त्या वर्षी इतका सरळ निबंध माझ्याकडे दुसरा आला नव्हता. मी तो दोनदा वाचला. मग लाल पेन्सिलीने 'विषयांतर' असा शेरा लिहिला आणि शून्य दिले.

रागाच्या भरात, म्हणू का? नाही. मी शांत होतो. शेऱ्याचे अक्षरही नेहमीसारखे वळणदार आले.

निकालाच्या बैठकीत मुख्याध्यापकांनी विचारले, "हिचे बाकीचे विषय निघालेत. चढवायची का वर?" ते माझ्या शब्दावर ठरणार होते. मी म्हणालो, "लेखन अगदी कच्चं आहे. पुढे झेपणार नाही." त्यांनी मान डोलावली.

निकालाच्या दिवशी आई आली. भांडली नाही. "मास्तर, शिकली तवरा बस झाला. आता माझे संगती बाजारान येल." हिराने शनिवारची वही टेबलावर ठेवली. ती शाळेने दिलेली होती, म्हणून परत केली. माझ्याकडे तिने पाहिले — का नापास, हे विचारले नाही. तिला ठाऊक होते, असे मला वाटते.

मायलेकी जिना उतरेपर्यंत मी थांबलो. मग वही उघडली — पट्टीनेच. पानांना लिंबाचा वास होता. मागची कोरी पाने मी फाडून घेतली आणि जूनमध्ये नव्या कच्च्या मुलांना वाटली. त्यांनाही सांगितले, दिसते तेच लिहा.