झिंग्यांना घातलेलं गोड पाणी

लोक घरात मासे पाळतात, मी झिंगे पाळले होते. नखाएवढे, लालभडक, पुण्याच्या मैत्रिणीने आणून दिलेले. अकोल्यात ज्याला त्याला एकच प्रश्न पडे, हे मोठे कधी होणार आणि खायचे कधी. मी उत्तर देणं सोडून दिलं होतं.

त्या पावसाळ्यात माझी भावजय माझ्याकडे राहायला आली. भावाची मोर्शीकडे संत्र्याची बाग. तिची आधीची दोन्ही गरोदरपणं सहाव्या महिन्यातच फिसकटली होती. आता पुन्हा सहावा लागला होता. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आणि शेतातल्या घरात कसली आलीय विश्रांती, म्हणून मी तिला उचलूनच आणलं. हे मूल काही करून टिकवायचं, एवढंच आमच्या डोक्यात होतं.

ती दिवसभर काचेच्या टाकीसमोर बसे. पहिल्याच सकाळी तिने घाबऱ्या आवाजात मला हाक मारली. शेवाळावर एक झिंगा उभा होता. मिशा, पाय, डोळे सगळं जागच्या जागी, पण आरपार दिसणारं. आत कुणीच नव्हतं. मी सांगितलं, मेला नाही, अंगाने वाढला की कात टाकतो. तिने मान डोलावली, पण ती कात मी काढून टाकेपर्यंत टाकीकडे पाठ करून बसली.

मग तिला अंडीवाली दिसली. पोटाखाली पिवळ्या अंड्यांचा घोस, आणि बारीक पायांनी ती त्यांना सारखा वारा घालत होती. ते बघताना भावजयीचा हात नकळत स्वतःच्या पोटावर जाई. मला बरंही वाटे आणि उगाच भीतीही वाटे.

आमच्या भागात नळ आठवड्याला एकदा, एरवी बोअरचं खारं पाणी. त्यात डाळ शिजत नाही, आणि तिच्या घशाखाली तर ते उतरेचना. म्हणून भाऊ आला तो बागेतल्या विहिरीच्या पाण्याची कॅन घेऊन. गोड्या पाण्याच्या गावाहून येणारा पाहुणा आमच्याकडे मिठाई विसरेल, पाणी विसरत नाही. नळ आला नव्हता, झिंग्यांची टाकी अर्ध्यावर उतरली होती. मी आधी टाकीत दोन-तीन तांबे ओतले, मग डाळीत घातलं. भावजयीने पेला भरून घेतला.

झिंगे एकदम उसळले. गरगर फिरत होते, काचेवर आपटत होते, सगळी टाकी लाल झाली. भाऊ म्हणाला, पाहा, बागेचं पाणी आवडलं त्यांना. आम्हीही हसलो.

मग एक उलटा पडला. पाय चालतच होते, पण तो कुठेच जात नव्हता. मग दुसरा. अंडीवाली बराच वेळ तगली. पडण्याआधी तिने अंडी सोडून दिली, आणि ती एकेक करून वाळूवर जाऊन बसली. स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली तेव्हा मला डाळ आठवली. मी धावत जाऊन गॅस बंद केला.

बागेत काय फवारलं, असं मी भावाला विचारलं. तो म्हणाला, कोळशी पडल्यापासून फवारणीचा पंप खांद्यावरून उतरतच नाही. त्या वर्षांत या कोळशीने पानं काळी करून बागाच्या बागा खाल्ल्या होत्या. पंप धुतोस कुठे, असं मी विचारलं.

"विहिरीवरच धुतो. सारेच धुतात, ताई. दुसरीकडं पाणी कुठी आहे?"

भावजयीने पेला खाली ठेवला. तो अर्धा झाला होता. टाकीवरची नजर तिने काढली नाही.

"मी दोन्ही खेपेले हेच पाणी पेली," ती म्हणाली. "डॉक्टरीण म्हणे, पाणी जास्त पेत जा."

मी नुसती तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून एकदम जोरात उसळलं, साडीवरूनही दिसलं. भावाचा जीव भांड्यात पडला, तो हसला. आम्ही दोघी हसलो नाही.