कामरेजच्या रायफलीची नळी

बायका जमल्या की सासूचे किस्से निघतात. सुरतेत आमच्या लिंबायतच्या खोलीत चार माणसं जमली की रायफलीच्या नळीचे निघतात! एक सांगून होत नाही तोवर त्याच्याखालून दुसरा निघतो, अगदी त्या नळीतल्या मळासारखा. आठ दिवस आम्ही ती नळी साफ करत होतो. आता हसू येतं. तेव्हा मात्र येत नव्हतं.

*

आमचे हे तेव्हा साड्या विणणाऱ्या लूमवर होते. बारा बारा तास ती खटखट ऐकून त्यांचे कान बसत चालले होते. आमची मनी दहा महिन्यांची. ती हातभर अंतरावर टाहो फोडायची आणि हे शांतपणे भाकरी खात बसायचे. मी हलवलं की म्हणायचे, "रडते का? कधीपासून?"

मला एकच काळजी. ही पोर बोलायला लागेल, तेव्हा बापाला ऐकू येईल का?

म्हणून कडोदऱ्याला एका कारखान्याच्या गेटवर गनमॅन हवाय असं कळलं, तेव्हा मीच मागे लागले. अट एकच, रायफल स्वतःची पाहिजे. परवान्याचे कागद झाले आणि यांनी कामरेजच्या एका शेतकऱ्याकडून जुनी रायफल घेतली. त्याने ती उडवून वर्षानुवर्षं रानडुकरं पळवली होती. साफ करता का, विचारलं तर म्हणाला, "रोज! फडक्याने, बाहेरून."

रायफल घरात आली आणि माझी झोप गेली. गोळी घरात आणायची नाही, हे मी आधीच कबूल करून घेतलं होतं. तरी जीव राहीना. मी यांना तिचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, काढायला लावला, पिशवीत बांधला आणि बाजरीच्या पिठाच्या डब्यात तळाशी पुरला. बोल्ट नसला की रायफल म्हणजे नुसती काठी, एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी हे रायफल घेऊन कारखान्यात तपासणीला गेले. तिथले सिक्युरिटी साहेब मिलिटरीतून रिटायर झालेले, मिशीला पीळ. रायफल हातात घेतली आणि ओरडले, "अरे, इसका बोल्ट कहाँ है?"

हे टाचा जुळवून म्हणाले, "साहेब, बाजरीच्या पिठात!"

*

साहेबांनी नळी डोळ्याला लावली आणि लगेच खाली घेतली. "ये नली है कि चूल्हे की चिमनी? आठ दिन में शीशे जैसी चाहिए. नहीं तो जा वापस लूम पे!"

साफ करायची रीत साहेबांनीच सांगितली. दोरीला चिंदी बांधायची, तेलात बुडवायची आणि नळीतून ओढायची. चिंदी ऐकून आम्ही दोघं हसलो. सुरतेत चिंद्यांना काय तोटा!

यांचे लूमवरचे जोडीदार भिकाभाऊ पोतंभर साडीचे तुकडे घेऊन आले. पण सगळे पॉलिस्टर! तेल पिईनात, मळ धरीनात. म्हणून जरा मोठा तुकडा घातला, तर तो मधेच अडकला. ना पुढे, ना मागे. मग मी आणि यांनी रायफल कवटाळून धरली आणि भिकाभाऊ उंबऱ्याला पाय लावून दोरी ओढू लागले.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या कोकिळाबेन धावत आल्या. "शुं थयुं, गाय वियाणी के?"

तेवढ्यात चिंदी सुटली आणि भिकाभाऊ थेट कोकिळाबेनच्या पायाशी!

त्यांनी वासराकडे बघावं तसं खाली बघितलं. म्हणाल्या, "वाछरडुं तो मोटुं छे!"

*

मग कोणीतरी सांगितलं, उकळतं पाणी ओता. मी रॉकेलचं नरसाळं घासूनपुसून नळीला लावलं आणि पातेल्याने पाणी ओतलं. खालून काळंकुट्ट पाणी, वर फेस. यांनी ते दुसऱ्या पातेल्यात धरलं.

भिकाभाऊ तेव्हाच दारात आले. पातेल्यात डोकावून म्हणाले, "वहिनी, दूध टाकानं राही गयं का?"

*

काळं गेलं. पण उजेडात धरलं की आत तांबूस पट्टे दिसायचे. गोळ्यांचं तांबं घासून घासून तिथे बसलेलं. तेल झालं, रॉकेल झालं, भिकाभाऊंच्या शिव्याही झाल्या. पट्टे हलेनात! दोन दिवस उरले.

सुती चिंदी पाहिजे होती. एवढं कापडाचं शहर, पण आमच्या घरात सुती कापड एकाच ठिकाणी होतं. मनीचे लंगोट! माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचे. मी जड मनाने म्हटलं, "एक घ्या. पण धुतलेला घ्या."

धुतलेला असणार कुठून? दोन दिवस नळाला पाणी नव्हतं. सगळे लंगोट मोरीत, झाकणाच्या बादलीत पडलेले. यांनी झाकण उघडलं तर डोळ्यांतून पाणी आलं. तरी त्यातलाच एक फाडला, चिंदी नळीत घातली आणि तिथेच ठेवून जेवायला बसले.

जेवण झाल्यावर ओढली, तर चिंदी मोरपंखी! अगदी लग्नातल्या साडीसारखी.

लोखंडात कुठला आलाय निळा रंग? म्हणजे पोरीच्याच पोटात काहीतरी! मी मनीला उचललं आणि अनवाणी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे पळाले. "डॉक्टर, हिच्या लंगोटातून निळं निघालं हो!"

डॉक्टरांनी मनीचं पोट दाबलं, जीभ बघितली. मनी त्यांची पेनं ओढत होती. "पोरगी तर ठणठणीत आहे. लंगोट दाखवा, कुठे आहे?"

"रायफलीत आहे, डॉक्टर!"

*

आता शेवटचा.

शिळ्या मुताने तांबं सुटतं आणि निळं होतं, हे डॉक्टरांनी हसत हसत सांगितलं. मी घरी आले तर हे आणि भिकाभाऊ बादली मधे घेऊन बसलेले, दोघांच्या नाकाला रुमाल. रात्रीपर्यंत सहा लंगोट संपले. मग मी पुन्हा उकळतं पाणी ओतलं, यांनी तेलाचा हात दिला.

तपासणीच्या दिवशी बोल्ट मी स्वतः पुसून दिला. साहेबांनी नळी सूर्याकडे धरली. इकडून बघितलं, उलटी करून तिकडून बघितलं.

"कौन सी दवाई लगाई?"

"घर की है, साहेब."

"फौज में भी ऐसी नली नहीं देखी. कल से ड्यूटी पे आ जा. और सुन, अपनी तीन रायफलें और हैं."

संध्याकाळी हे घरी आले ते हातात एक मोठी रिकामी बाटली घेऊन. मनी पाळण्यात पाय झाडत होती. हे तिच्यापुढे उकिडवे बसले, बाटली दाखवली आणि म्हणाले, "मनीबाई, साहेबांनी सोमवारपर्यंत भरून मागितलीय."

मनी हळूच "हूं" म्हणाली.

हे गर्रकन माझ्याकडे वळले. "ऐकलंस? हो म्हणाली!"