मोटारीवरची घोंगडी

मोटारीला घोंगडी पांघरणाऱ्या दाजींची गोष्ट आमच्या गोतावळ्यात कुणालाही विचारा, तोंडपाठ सांगेल. माझीच आहे ती. बारसं असो, साखरपुडा असो, पंगत उठून पानसुपारी फिरली की कुणीतरी म्हणतंच — "आण्णा, ती घोंगडीची होऊ दे!" मग मी थोडे आढेवेढे घेतो — तेही मला आवडतं, खोटं कशाला बोलू — आणि सुरू होतो. पण त्या गोष्टीतला एक तुकडा मी आजवर कुणापुढे काढलेला नाही. बायकोपुढे नाही, आक्कापुढे तर नाहीच. गोष्ट ऐकलेल्या सगळ्यांनी ती अर्धीच ऐकलीय.

आधी मोटार. सोलापुरात तेव्हा मोटारी थोड्या, आणि त्यातली सगळ्यात म्हातारी माझी. एका वकीलसाहेबांनी नवी आणली, तेव्हा त्यांची जुनी मी घेतली. चादरीच्या दुकानापुढे मोटार उभी दिसली की गिऱ्हाईक आपसूक येईल, असा माझा हिशेब. गिऱ्हाईक यायचं — मोटार ढकलायला. पण एक झालं. ढकलून घेता घेता मला तिच्यातलं कळायला लागलं, आणि कळतं ते मी न विचारताही सांगायला लागलो. विशेषतः तेलाचं.

मोटारीच्या इंजिनात तेल असतं ना, ते जाड घालायचं की पातळ हे ऋतू बघून ठरवावं लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पातळ तेल पाण्यासारखं होतं. थंडीत जाड तेल काकवीसारखं थिजतं, आणि सकाळी गाडी सुरू केली तरी वरच्या भागापर्यंत वेळेवर पोचतच नाही. लोखंड लोखंडावर घासतं. जुन्या, झिजलेल्या गाडीला जरासं जाड चालतं — जरासं. हे एवढं पाल्हाळ का लावतोय? कारण मला हे कळत होतं. तेवढं लक्षात असू द्या.

आक्का माझी थोरली बहीण, आणि दाजी तिचे यजमान. जेऊरजवळ त्यांची शेती. स्टेशनवर उतरणाऱ्या माणसांना करमाळ्याला पोचवायला एक मोटार असावी, हे त्यांच्या मनानं घेतलं. घरची खिलारी जोडी विकायला काढली, आणि मोटार बघायला माझ्याकडे आले. दुसऱ्या कुणाकडे जाणार? मेहुण्याला कळतं ना त्यातलं.

माझी गाडी तेव्हा निळा धूर सोडत होती, आणि आतून अशी खडखडायची की शेजारच्या आळीतल्या बाया म्हणायच्या, आला चादरवाला. दाजी यायच्या सकाळी मी — आता सांगूनच टाकतो — इंजिनातलं तेल काढलं आणि गिअरला घालतात ते, मधासारखं जाड तेल आत ओतलं. तोंडात पुरणपोळी कोंबल्यावर माणूस गप्प बसतो, तशी गाडी गप्प बसली. धूरही बसला. दाजींनी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा तिच्यावर हात ठेवला. म्हणाले, "लई गरीब हाय की वो ही!"

बैलजोडीचे पैसे मोजून दाजी ती घेऊन गेले. इथंच थांबलं असतं तर? तर ती एक लबाडी झाली असती, व्यापाऱ्यानं केलेली. पण उन्हाळा सरला, पाऊस सरला, गाडी चालत राहिली. आणि थंडी पडल्यावर दाजी दुकानात आले.

"पाव्हणं, सकाळचं गाडी चालू करायचं हॅण्डल फिरंना झालंय. तेल थिजतंय जणू. रातच्याला घोंगडी घालतो हिच्यावर, तवा कुटं हलती. पातळ तेल घालू का?"

बघा, माणसानं नेमकं बरोबर विचारलं होतं. मी नुसती मान हलवायची होती. पण पातळ तेल आत गेलं असतं तर गाडीनं तोंड उघडलं असतं — खडखड, धूर, सगळं — आणि दाजींनी माझ्याकडे बघितलं असतं. त्या बघण्याला मी भ्यालो. वैद्यानं पथ्य सांगावं तशा आवाजात म्हणालो, "छे छे, दाजी! जुन्या गाडीला जाडच लागतं. बदलू नका."

"तुमी म्हणताय तर ऱ्हाऊ दे. तुमास्नी कळतंय त्यातलं."

पुढं काय व्हायचं ते झालं. गारठ्याची सकाळ, लग्नाला निघालेले उतारू, निघायची घाई. वाटेत इंजिनातला दांडा तुटून बाहेर आला. उतारू चालत गेले. गाडी ओढून घरी आणली; पुढं तिच्यात कोंबड्या बसायला लागल्या. गाव म्हणालं, औत हाकणाऱ्याच्या हाती मोटार दिली की असंच व्हायचं. दाजींनाही ते पटलं. मी? मी गोष्ट रचली. पहिल्यांदा सांगितली ती भीतीपोटी — कुणी तेलाचं विचारायच्या आत घोंगडीला हसू दे, म्हणून. "थंडी वाजती का गं बाई?" असं दाजी मोटारीला विचारतात ना माझ्या गोष्टीत? ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते मी घातलंय. आणि घोंगडी — त्या इंजिनासाठी आम्हा दोघांत कुणी काही शहाणपणाचं केलं असेल, तर ते तेवढंच.

परवा भाचीच्या लग्नात बसलो होतो. करमाळ्याच्या एका मोटारवाल्यानं दाजींच्या थोरल्या मुलाला मागितलं, गाडीवर शिकवून तयार करतो म्हणाला. मुलाचं तोंड उजळलं होतं. दाजी म्हणाले, "न्हाय. आमच्या हाताला यंत्र सोसत न्हाय. एक मारलीया आमी." आक्कानं खाली बघितलं. मुलगा उठून गेला. आणि मी दाजींच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो.

मग दाजीच माझ्याकडे वळले. "सांगा की पाव्हणं, ती घोंगडीची. हसू द्या मंडळीस्नी."

मी सांगितली. रंगवून सांगितली. घोंगडीपाशी आलो आणि थांबलो. दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते. मंडळी वाट बघत होती. हशा पिकायच्या आधी तिथं मी नेहमीच थांबतो.