रूबेनच्या शेजारची जागा

कालवांच्या शिंपा घातलेला रस्ता चर्चपासून निघतो आणि खाजणापाशी संपतो. त्याच्या साधारण मध्यावर मिस अर्लीथा थांबल्या आणि छत्रीच्या टोकाने शिंपा उकरत म्हणाल्या, "यातली निम्मी कालवं मी सोललेली आहेत. बाकीची आळशी बायकांनी."

"पाय दुखतायत का? जरा टेकायचं?" मी विचारलं.

"पायांसाठी नाही थांबले. दम घ्यायला थांबले. दोन्ही दुखणी वेगळी आहेत, पोरी."

त्यांना एक्क्याऐंशी पूर्ण झाली आहेत. धक्क्यामागच्या त्यांच्या घरापासून कबरस्तान दीड मैल. मी गाडी काढते म्हटलं, तर म्हणाल्या, "तिथं गाडीतून एकदाच जायचं असतं. त्याला अजून वेळ आहे."

मिस अर्लीथांचा जन्म अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या पोर्ट एल्डनचाच. इथे लग्न झालेल्या वयस्क बाईलाही मानाने 'मिस' म्हणतात. चौदाव्या वर्षी त्या धक्क्यावरच्या कालवांच्या शेडमध्ये उभ्या राहिल्या, त्या शेड बंद पडेपर्यंत. डाव्या अंगठ्यावर सुरीचा व्रण आहे, तिथे अजून स्पर्श कळत नाही. बायका दिवसभर देवाची गाणी म्हणत कालवं सोलायच्या. "भक्ती होतीच," त्या सांगतात, "पण गाणं थांबलं की मुकादम बाहेर यायचा." आता त्या शेडमध्ये पांढऱ्या टेबलक्लॉथचं हॉटेल आहे. वाढदिवसाला आलेल्या भाचीने त्यांना तिथे नेलं, तर बर्फावर मांडून सहा कालवं आली. "सहा! आम्ही तर सोलता सोलता मुकादमाची पाठ वळली की सहा खायचो."

पर्यटकांची घोडागाडी त्यांच्या घरावरून जाते. भुतं येऊ नयेत म्हणून इथली माणसं ओसरीचं छत निळं रंगवतात, असं गाडीवाला सांगतो. खुर्चीतून मिस अर्लीथा ओरडतात, "रंग स्वस्तात मिळाला होता!" गाडी वळली की मला हळूच म्हणतात, "यंदा दुसरा हात द्यायला हवा. कोपऱ्यात पोपडे निघालेत."

शेडनंतर त्या शाळेच्या स्वयंपाकघरात लागल्या. बावीस वर्षांपूर्वी भारतातून येऊन मी तिथे रुजू झाले. पहिल्याच दिवशी मक्याच्या कण्या ढवळताना त्यांनी विचारलं, "तुझा देव वेगळा आहे म्हणतात. हाक ऐकतो का?"

"ऐकतो," मी म्हटलं.

"मग ठीक. ढवळत राहा, खाली लागेल."

आज मात्र आमचं चालणं गप्पांसाठी नव्हतं. मिस अर्लीथांना नवऱ्याची कबर शोधायची होती.

रूबेन कोळंबीच्या होडीवर असत. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. इथल्या जुन्या कबरींवर दगड क्वचितच दिसतो. माणसाने शेवटी वापरलेली वस्तू वर ठेवतात, कप, चष्मा, औषधाची बाटली. ठेवण्याआधी ती फोडतात, म्हणजे मरणाची साखळी तुटते आणि घरातलं दुसरं कुणी मागोमाग जात नाही. रूबेनवर कान तुटलेला कॉफीचा निळा जग होता. शेजारी त्यांच्या आईच्या, म्हणजे हेस्टरबाईंच्या कबरीवर तडकलेला गुलाबी वाडगा. खूण एवढीच. दगड बसवावा असं मिस अर्लीथांना कधी वाटलं नाही. जग समोर दिसत होता, मग दगड कशाला?

आणि मग त्यांनीच घात करून घेतला. गाव सोडून गेलेली मंडळी वर्षातून एकदा चर्चला परत येतात, तो रविवार जवळ आला होता. तीन महिने मिस अर्लीथा दर रविवारी प्रार्थना संपली की उभ्या राहायच्या. "कबरस्तानात गुडघाभर गवत आहे. शहरातून येणाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं? एक काडी दिसता कामा नये!" शेवटी गेल्या शनिवारी चर्चची तरुण मुलं यंत्रं घेऊन गेली. मिस अर्लीथांनी त्यांच्यासाठी लिंबाचा केक पाठवला. मुलांनी गवत कापलं, झुडपं उपटली आणि फुटके कप, बशा, बाटल्या अकरा पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. त्यांना कुणी कधी काही सांगितलंच नव्हतं. रविवारी त्यातल्या एका मुलीने अभिमानाने पोत्यांचा आकडा सांगितला. मिस अर्लीथा बाकावर बसल्या आणि सगळे घरी गेले तरी उठल्या नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा कबरस्तानालगतच्या नदीत भरती चढत होती. ओकच्या झाडांवरून शेवाळाच्या राखाडी जटा लोंबत होत्या आणि खाली सगळीकडे एकसारखं हिरवं गवत. मिस अर्लीथांनी बराच वेळ पाहिलं.

"सुंदर केलंय कार्ट्यांनी," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं ना."

मोठ्या ओकपासून त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली. इथे सगळ्यांचे पाय पूर्वेला असतात, म्हणजे न्यायाच्या दिवशी उठलं की तोंड उगवतीकडे. तिसऱ्या खेपेला त्यांची छत्री, जुनी कबर खचते तशा एका खोलगट जागी टेकली. मी बाजूला पाहिलं, तिथेही तसाच खोलगटपणा होता. दोन्हींच्या मध्ये जेमतेम एक माणूस मावेल एवढी सपाट जागा.

"हे दोघंच," त्या म्हणाल्या. "पण यातला रूबेन कुठला?"

"नदीकडचा असेल."

"मलाही आधी तसंच वाटलं. मग वाटलं, नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी यायचे ती त्या निळ्या जगाकडे बघत यायचे गं. बाकी कधी काही बघितलंच नाही."

कागदपत्रं कुठे असतील का, विचारलं. इथे कुणी कधी लिहून ठेवलंच नाही, त्या म्हणाल्या. रूबेन उंच होते ना, लांबीवरून कळेल का, विचारलं. त्यावर त्यांना हसू आलं. "आणि तो उंचीने आईवर नाही तर कुणावर गेला होता, वाटतं तुला?"

हेस्टरबाईंनी उभ्या आयुष्यात सुनेला नावाने हाक मारली नाही. चारचौघांत त्या म्हणायच्या, "ती शेडवाली." रूबेननी बायकोला शब्द दिला होता, तू माझ्या दुसऱ्या बाजूला, आईपासून लांब. आता बाजू चुकली, तर न्यायाच्या दिवसापर्यंत सासूच्या शेजारी पडून राहायचं आणि नवरा पलीकडे. मिस अर्लीथा हे हसत सांगत होत्या, पण छत्रीचं टोक एकदा या खळग्याकडे, एकदा त्या खळग्याकडे वळत होतं.

"रूबेन," त्या मोठ्याने म्हणाल्या, "काहीतरी खूण कर."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. त्यांनी डोळे मिटले, मीही हात जोडले. नदीवर एक पेलिकन पक्षी पाण्यात पडला आणि मासा घेऊन वर आला. बाकी काही झालं नाही.

"जिवंतपणीही असाच होता," त्या म्हणाल्या. "महत्त्वाचं विचारलं की गप्प."

मग त्यांनी छत्री त्या मधल्या सपाट जागेवर आडवी ठेवली, एकदा, दोनदा. कमरेला हात लावून सरळ झाल्या.

"माझी भाची फिलाडेल्फियाला असते. येईल, रडेल आणि मला तिकडे नव्या भागात, फुलझाडांच्या रांगेत ठेवेल. तू इथेच असशील ना?"

"असेन."

"मग ऐक. मला या दोघांच्या मध्ये ठेवायचं. तो इकडे असो की तिकडे, एका हाताला तर असेलच."

"आणि दुसऱ्या हाताला सासूबाई," मी म्हटलं.

"त्यांचं मी बघून घेईन. पास्टर म्हणतील, जागा अपुरी आहे. भाची म्हणेल, इथे बरं दिसत नाही. तू कुणाचं ऐकू नकोस. खड्डा अरुंद खणा म्हणावं, पण मधेच खणा. एवढं माझ्यासाठी सांगशील, पोरी?"