दहाव्या दिवसाचं बोंड

कॉलेजात मी मुलांना ग्रहणाच्या अंधश्रद्धेवरून चांगलंच झोडते. आणि त्या दिवाळीत माझ्याच हातातून ब्लेड गळून पडलं! लाज वाटते, पण सांगते.

पीएचडीसाठी मी बोरी बुद्रुकला सासरच्या घरामागं कपाशी लावली होती. फूल उमललं की देठाला रंगीत दोरा बांधायचा आणि दिवस मोजायचे. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी लांबत जाऊन कापसाचा तंतू होतो. त्यातलं केंद्रक आधी टम्म फुगतं, मग आक्रसतं, शेवटी तंतू मरतो. हे बघायचं तर बोंड ठरल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या ठोक्याला कापून, पेशी टिकवणाऱ्या औषधात टाकायचं. दहाव्या दिवसासाठी राखलेली बोंडं अळीनं खाल्ली, एकच उरलं. ते चुकलं की वर्ष गेलं. आणि त्याचा दहावा दिवस नेमका सूर्यग्रहणाचा!

मला पाचवा महिना होता. आधीचं एक चौथ्यातच गेलं होतं.

"गिराणात पोटुशीनं काय कापायचं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "पोराचा व्हट फाटतो."

"आत्या, काहीतरीच तुमचं!" म्हणत मी ब्लेड घेऊन निघाले खरी. पण ऊन उगाच मळकट वाटायला लागलं. तेवढ्यात पोटात बाळ हललं. ब्लेड पडलं. लई भ्याले मी. हेही गेलं तर? दारातच मटकन बसले आणि रडू फुटलं.

सासूबाईंनी ब्लेड उचललं. "सांग, कसं कापायचं?"

"अहो, पण तुमचं ग्रहण..."

"माजं काय व्हायचंय आता? तू आत जा. पाय लांब करून सरळ पड."

मी खिडकीशी पडून ओरडून सांगत होते, "दाबू नका, हळू फाका करा!" त्या बाहेर उन्हात बसून, तोंडानं देवाचं नाव घेत, एकेक ओली सरकी बाटलीत टाकत होत्या.

सुट्टीनंतर मायक्रोस्कोपखाली पाहिलं. केंद्रकं छान फुगलेली होती. भीती मात्र तशीच राहिली. सोनोग्राफीत सगळं ठीक म्हणाले, तरी राहिली.

मुलगी झाली. सासूबाई दवाखान्यात धावत आल्या आणि आधी तिचा ओठ बोटानं चाचपायला लागल्या.

"नीट आहे, आत्या," मी म्हणाले. त्या यायच्या आधी मी चारदा चाचपला होता.