डावोबाला उलटं मागतात

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. नागपुरात एका शाळेत विज्ञान शिकवते आणि उरलेल्या वेळात डार्क फँटसी लिहिते... गुप्त पंथ, काळे देव वगैरे. देव मीच कागदावर तयार करते, त्यामुळे त्यांना घाबरायचा प्रश्नच नव्हता. तरी हे लिहितेय, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

माझ्या अर्धवट कादंबरीत डावोबा नावाचा कपटी देव आहे. जे मागाल त्याच्या नेमकं उलटं देणारा. म्हणून त्याचे भक्त चोरून, डावा अंगठा हनुवटीला लावून उलटंच मागतात. मूल जगावं म्हणून ‘मरू दे’ म्हणतात. आणि कुणाचं वाटोळं करायचं असेल तर त्याला आशीर्वाद देतात. हे प्रकरण फक्त माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. नवऱ्यानेही वाचलेलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात बाबांना हार्ट अटॅक आला. धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात, आयसीयूत होते. चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले, “धोका टळलाय, उद्या वॉर्डात हलवू.” मी बाहेर बाकावर येऊन बसले. शेजारी खेड्यातली एक म्हातारी होती. तिचा मुलगा ट्रॅक्टरखाली सापडला होता, तोही आतच. ती डोळे मिटून पुटपुटत होती —

“मरू दे त्याले... नको ठेवू त्याले...”

डावा अंगठा हनुवटीला.

माझं डोकंच फिरलं. वाटलं, कुणीतरी माझं लिखाण चोरलंय.

“मावशी, हे कुठे वाचलं तुम्ही?”

“मले कुठं वाचता येते वं? सासूनं शिकवलं.”

“खोटं बोलू नका. डावोबा माझा आहे. मी लिहिलाय तो.”

माझा आवाज चढला होता. लोक वळून बघायला लागले. म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला.

“त्याचं नाव काहून घेतलं? माह्या पोराचा जीव टांगून हाये, अन् तू बोंबलून राहिली. मी उलटं मांगून राहिली हे त्याले समजलं तं मी काय करू?”

“असा देव नसतो, मावशी.”

तिने अगदी शांतपणे विचारलं, “तुहं कोन हाये आत?”

“वडील.”

तिने पुन्हा अंगठा हनुवटीला लावला. दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

“तुह्या बापाले उदंड आयुष्य भेटो, पोरी. हासत घरी येवो.”

संध्याकाळी बाबा गेले.

डॉक्टर म्हणाले, दुसरा अटॅक, असं होतं कधीकधी. ते मला पटतं. म्हातारीचा मुलगा त्याच रात्री शुद्धीवर आला, तेही औषधांनीच, हेही पटतं. बाबांची पिशवी घेऊन निघाले तेव्हा ती जिन्याजवळ दिसली. मी म्हणाले, “माझ्या बाबांनी तुमचं काय बिघडवलं होतं?” तिने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं.

अक्षर न ओळखणाऱ्या बाईला माझ्या लॅपटॉपमधले रिवाज कसे माहीत होते? का माझ्याच डोक्यात ते कुठून आले होते? मला माहीत नाही. माझी चीड वेगळीच आहे. त्या आजारपणात कितीतरी नातेवाईक भेटून गेले, पण बाबांसाठी इतक्या मायेने, इतक्या मऊ आवाजात आयुष्य कुणीच मागितलं नव्हतं.